ऱ्हुमॅटॉइड संधिवात: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगावात औषधाच्या दुकानात उभे राहून चिठ्ठ्या वाचणे हा माझा रोजचा उद्योग आहे. गोळ्या घेऊन गेलेली माणसे दोन-चार दिवसांनी फोन करतात, निरोप धाडतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा तेच ते असतात. त्यांतले निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेला आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे तुमचे निदान आणि तुमची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांनी सांगितलेले नीट उमगावे, इतकाच या उत्तरांचा हेतू आहे. उत्तरे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, मात्र मेथोट्रेक्सेटची गोळी चालू असलेल्यांनी प्रश्न ११ वगळू नये.

१. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीरात नेमके काय बिघडते?

रोगप्रतिकारशक्तीचे काम बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्याचे असते. या आजारात ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. निरोगी सांध्यात हे अस्तर अगदी पातळ असते आणि सांध्याला वंगणासारखा द्रव पुरवते. सूज धरली की ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या वाढतात, आणि उपचार न झाल्यास ते शेजारची कूर्चा व हाडाच्या कडा कुरतडू लागते. हाडाचे नुकसान होते ते असे शेवटी. आजार मुळात प्रतिकारशक्तीचा आहे, आणि म्हणूनच नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी तो थांबत नाही. सांध्यांखेरीज फुफ्फुसे, डोळे, त्वचा आणि रक्तवाहिन्या यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, रक्त कमी होते, आणि सूज वर्षानुवर्षे राहिली तर हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या थकव्याला घरचे लोक आळस समजतात, तो पुष्कळदा याच आजाराचा भाग असतो.

२. आमच्याकडे सगळ्यालाच ‘वात’ म्हणतात. वात, आमवात, संधिवात, गाउट हे सगळे एकच का?

एकच नाहीत, आणि या एका शब्दापायी आपल्या भागात रुग्णांचे महिनेच्या महिने वाया जातात. साठीनंतर गुडघे दुखतात, जिना चढताना कळ येते आणि बसल्यावर बरे वाटते, तो बहुतेक वेळा झिजेचा संधिवात असतो. गाउटमध्ये रक्तातील युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन इतका दुखतो की त्यावर चादरही सोसवत नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात या दोहोंपेक्षा वेगळा आहे. त्यात हातापायांचे लहान सांधे धरतात आणि विश्रांतीने आखड कमी होण्याऐवजी वाढते.

आमवाताचे वर्णन माधवनिदान या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात आहे आणि त्यातील बरीच लक्षणे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी जुळतात, म्हणून मराठीत पुष्कळ जण याला आमवात म्हणतात. आधुनिक नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरांनी १८५९ साली रूढ केले. कन्नडमध्येही लोक ‘संधिवात’च म्हणतात, त्यामुळे भाषा बदलली तरी घोटाळा तोच राहतो. डॉक्टरांना “माझा संधिवात कोणत्या प्रकारचा आहे?” असे सरळ विचारावे आणि उत्तर फाइलवर लिहून घ्यावे.

३. सुरुवात कशी ओळखायची? बोटे तर कामाने सगळ्यांचीच दुखतात.

कामाने दुखणारी बोटे संध्याकाळी दुखतात आणि झोपेने मोकळी होतात. या आजारात उलट घडते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, नळ पिळता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, आणि दुपारपर्यंत हात पुष्कळसा सैल होतो. ही आखड अर्ध्या तासाहून अधिक, बहुधा तासभर किंवा त्याहून जास्त टिकते. नेमकी मिनिटे सांगता येत नसतील, तर गॅस पेटवल्यापासून पहिली भाकरी नीट थापता येईपर्यंत किती वेळ गेला, हे डॉक्टरांना सांगावे. ते माप कोणालाही कळते.

सूज बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. मनगटे, बोटांच्या मुळाचे सांधे आणि मधले सांधे धरतात. नखाजवळचा शेवटचा सांधा सहसा सुटतो. पायात चवड्याखाली खडा टोचल्यासारखे वाटते आणि सैल असलेली जोडवी रुतू लागतात. एक खूण मला एका कासारणीने सांगितली. बांगड्या भरताना ती हाताचा पंजा दोन्ही बाजूंनी दाबून लहान करते. काही बायका एरवी हसत बसलेल्या असतात, पण तेवढ्या दाबाने कळवळतात. संधिवाततज्ज्ञ बोटांच्या मुळाशी पंजा आडवा दाबून जी तपासणी करतात ती हीच होय. अशी आखड आणि सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, तर थांबू नये.

४. हा कोणाला होतो? माझ्या आईला आहे. मला किंवा माझ्या मुलीला होणारच का?

होणारच, असे नाही. जगभरात दर शंभर प्रौढांमागे साधारण अर्ध्या ते एका व्यक्तीला हा आजार असतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीनपट अधिक होतो, आणि सुरुवात बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान होते. जवळच्या नात्यात असल्यास शक्यता वाढते हे खरे. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केच आढळते, यावरून वारसा हा एक भाग आहे, सगळे काही नव्हे, हे दिसते. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आईचा आजार लपवणारी घरे मी पाहिली आहेत. त्या लपवाछपवीला वैद्यकीय आधार काहीच नाही. लहान मुलांसाठी प्रश्न २१ पहावा.

५. निपाणीकडे घरोघरी तंबाखूचे काम चालते. बिडी, तंबाखू, मिश्री यांचा काही संबंध आहे का?

बिडी-सिगारेट ओढण्याचा संबंध पक्का आहे. बाहेरच्या कारणांपैकी धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत सिद्ध झालेले कारण आहे. ओढणाऱ्यांत आजार होण्याची शक्यता वाढते, झाल्यावर तो अधिक तीव्र होतो, आणि औषधेही कमी लागू पडतात. मिश्री व चघळण्याच्या तंबाखूबाबत धुराइतका ठोस पुरावा नाही. मात्र मिश्रीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाचा व या संधिवाताचा संबंध संशोधनात वारंवार आढळला आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. बिड्या वळणाऱ्या बायकांची बोटे आणि मनगटे दुखतात ती बहुतेक वेळा त्याच त्या हालचालीने. पण त्याच सबबीखाली खरा आजारही झाकला जातो, म्हणून प्रश्न ३ मधील खुणा त्यांनीही ताडून पहाव्यात.

६. हाडांच्या डॉक्टरांकडे जावे की आणखी कोणाकडे?

या आजाराचे तज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, अर्थात संधिवाततज्ज्ञ. ते जवळ नसल्यास एम.डी. मेडिसिन झालेल्या फिजिशियनकडे जावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हाडांचे डॉक्टर लागतात. बेळगावात दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. चिकोडी-निपाणीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात आणि खानापूरकडचे काही जण गोव्याला. कोठेही जायचे असले तरी संधिवाताची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधी फोनवर विचारावे, नाहीतर दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही फुकट जातात. सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये सांगावे लागले, तर सांधेदुखीला ‘कीलू नोवू’, सुजेला ‘ऊत’ किंवा ‘बावू’, आणि सकाळला ‘बेळिग्गे’ म्हणतात. एवढ्या तीन शब्दांवर निम्मी हकिकत सांगून होते.

७. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला आहे. म्हणजे आजार झाला का?

केवळ त्या कागदावरून नाही. आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी आहे; ती निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि क्षयरोग, हिपॅटायटिस सी यांसारख्या संसर्गांतही येते. सांध्यांना सूज नसेल, तर आकड्यावर उपचार करत नाहीत. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी तपासणी अधिक नेमकी आहे, आणि ती स्पष्टपणे पॉझिटिव्ह असल्यास दुखणे नसले तरी पुढे लक्ष ठेवावे लागते. धूम्रपान असेल, तर ते त्याच दिवशी थांबवावे. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये आपणहून ‘वाताचे पॅकेज’ करून घेणे आणि मग आठवडाभर झोप उडवून घेणे, हा मला तरी पैशांचा अपव्यय वाटतो.

८. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, तरी डॉक्टर म्हणतात आजार आहे. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे. साधारण दर चार-पाच रुग्णांतील एकात आरए फॅक्टर सापडत नाही, आणि काहींत अँटी-सीसीपीही सापडत नाही. निदान सांधे हाताने तपासून, लक्षणे किती काळ आहेत ते विचारून, आणि ईएसआर व सीआरपी हे सुजेचे निर्देशक पाहून एकत्रितपणे केले जाते. २०१० साली अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे निकष ठरवले, त्यांत या सर्वांना मिळून १० गुण आहेत आणि ६ किंवा अधिक झाल्यास आजार मानला जातो. सुजलेल्या सांध्यांच्या संख्येला त्यात सर्वाधिक वजन आहे. एक्स-रे सुरुवातीला चांगला असू शकतो. तो बिघडण्याची वाट पाहणे म्हणजे नुकसान होऊ देणेच होय.

९. चिकुनगुनिया झाल्यापासून सांधे धरले आहेत. तोच आजार का?

आपल्या भागासाठी हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ कर्नाटक व महाराष्ट्रात आली, आणि तेव्हापासून तो ताप अधूनमधून डोके काढतोच. त्यानंतरची सांधेदुखी हुबेहूब ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखी दिसू शकते: मनगटे, बोटे, घोटे, दोन्हीकडे सूज, सकाळची आखड. बहुतेकांची ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. काहींची वर्षभर किंवा त्याहून अधिक रेंगाळते. म्हणून ताप नेमका कधी आला, अंगावर पुरळ होते का, आणि घरात-गल्लीत आणखी कोणाला झाले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरी बाजूही आहे. “चिकुनगुनियाचेच आहे, जाईल” असे म्हणत दोन वर्षे काढलेल्या काहींना पुढे खरा ऱ्हुमॅटॉइड संधिवात निघतो. तापानंतर तीन महिने उलटूनही सूज दिसत असेल, तर संधिवाताची पूर्ण तपासणी करून घ्यावी.

१०. हा पूर्ण बरा होतो का? आणि एवढी घाई कशासाठी?

मुळापासून नाहीसा करणारे औषध आज नाही. पण सूज जवळजवळ शून्यावर आणता येते, आणि त्या अवस्थेत माणूस शेती, नोकरी, संसार सगळे करू शकतो. घाई अशासाठी, की हाडांच्या कडांचे कुरतडणे पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले, तर पुढची अनेक वर्षे सोपी जातात. डॉक्टर दर एक-तीन महिन्यांनी बोलावून औषध वाढवतात किंवा बदलतात, ते सूज ठरलेल्या पातळीखाली आणण्यासाठी. “बऱ्यापैकी आहे” यावर समाधान मानू नये. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या वेगळ्या आणि आजार रोखणाऱ्या वेगळ्या. पहिल्या प्रकारच्या गोळ्यांचा गुण तासाभरात जाणवतो, दुसऱ्या प्रकारच्यांना सहा ते बारा आठवडे लागतात. महिनाभरात गुण नाही म्हणून औषध सोडणारे नेमके गुणाच्या दारात येऊन परत फिरतात.

११. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? रोज घेतली तर लवकर गुण येणार नाही का?

रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. या संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते, बहुधा ७.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान. रोज घेतल्यास अस्थिमज्जेचे काम दबते, रक्तातील पेशी घटतात, तोंड सोलवटते, जुलाब लागतात, ताप येतो, रक्तस्राव होऊ शकतो. चुकून असे घडल्यास त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे आणि गोळीची पट्टी सोबत न्यावी. फोलिनिक ॲसिड हे यावरचे औषध आहे आणि ते जितके लवकर मिळेल तितके चांगले.

आपल्या सीमाभागात या चुकीला भाषेचीही साथ मिळते. कन्नडमध्ये आठवड्याला ‘वार’ म्हणतात. ‘वारक्के ओम्मे’ म्हणजे आठवड्यातून एकदा. मराठीत ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवार यांतला एक दिवस. काउंटरवर घाईत सांगितलेले ‘वारक्के ओम्मे’ मराठी कानाला “प्रत्येक वारी एक” असे ऐकू आले, तर दोष कोणाला द्यावा? मी नोकरीत नवा असताना माझ्या हातूनही एकदा पाकिटावर नुसते ‘१–०–०’ (सकाळी एक, दुपारी व रात्री नाही) लिहिले गेले, वार लिहायचा राहिला. त्या बाईंनी नऊ दिवस रोज गोळी घेतली. तोंडात फोड आले तेव्हा त्यांचा मुलगा दुकानात आला, आणि पाकिटावरचे माझेच अक्षर त्याने माझ्यापुढे धरले. रुग्णालयात राहून त्या वाचल्या. तेव्हापासून पाकिटावर मी आकडे लिहीत नाही; ‘फक्त सोमवार’ असे अक्षरांत लिहितो, कारण वारांची नावे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखीच आहेत.

गावच्या आठवडी बाजाराचा दिवस निवडला, तर लक्षात ठेवणे सोपे जाते. सोबत दिली जाणारी फोलिक ॲसिडची गोळी दुष्परिणाम कमी करते आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशी घेतात. अडचण अशी, की दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळट असतात. त्या कापून एकाच डबीत ठेवू नयेत. मेथोट्रेक्सेटची पट्टी वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

१२. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचे औषध आहे म्हणे. मग मला का दिले?

कर्करोगात ते वापरतात हे खरे आहे, पण तेथील मात्रा कितीतरी पट मोठी असते. संधिवातात लहान मात्रेत ते प्रतिकारशक्तीचा भडका शांत करते. अमेरिकेत १९८८ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि आजही बहुतेक रुग्णांत पहिली निवड तेच असते. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या कराव्या लागतात. दारू वर्ज्य समजावी. गर्भधारणेविषयी प्रश्न १८ पहावा.

१३. आठवड्याची गोळी विसरली, किंवा त्याच दिवशी ताप आला, तर काय करावे?

विसरल्यास ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवसांच्या आत आठवले तर घ्यावी. त्यापेक्षा उशीर झाला तर तो आठवडा सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशीच घ्यावी. दुप्पट कधीही घेऊ नये. ताप, न्यूमोनिया, नागीण किंवा जोराचे जुलाब-उलट्या असताना गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या दुखण्यासाठी गावच्या डॉक्टरांकडे गेलात, तर ही गोळी चालू असल्याचे सांगावेच. को-ट्रायमॉक्साझोल हे लघवीच्या संसर्गात वापरले जाणारे साधे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत दिले गेल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात.

१४. एका ठिकाणची पुडी घेतली की दोन दिवसांत हात मोकळे होतात. ती चालू ठेवू का?

ठेवू नये. दोन दिवसांत असा चमत्कार करणारी पुडी बहुधा चमत्काराची नसते. तीत स्टिरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा जेमतेम हलू शकणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यानंतर हळूहळू त्याची किंमत कळली: ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, मोतीबिंदू, सुजलेला चेहरा, वारंवार संसर्ग. आज डॉक्टर स्टिरॉइड देतात ते लहान मात्रेत, शक्यतो थोड्या काळासाठी, मूळ औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंतचा पूल म्हणून.

मात्र महिनोन्महिने अशी पुडी घेतलेली असेल, तर ती एकदम बंद करू नये. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनणे मंदावलेले असते आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि न लाजता दाखवावी. स्टिरॉइडची गोळी नेमाने चालू असलेल्यांनी सौंदत्तीच्या यात्रेला किंवा पाहुण्यांकडे जाताना ती आधी पिशवीत टाकावी.

१५. आयुर्वेदिक औषधे, गुळवेलीचा काढा सोबत घेतला तर चालेल का?

डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक असतील तरच. तेलाने हलके मालीश किंवा शेक यांनी आराम पडतो, त्याला कोणाची हरकत नसते; सांधा लाल आणि गरम असताना मात्र रगडू नये. गुळवेलीचे तसे नाही. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात झाल्या आहेत, मेथोट्रेक्सेटचा ताणही यकृतावरच येतो, आणि ज्या आजारात प्रतिकारशक्ती आधीच उधळली आहे तेथे ती ‘वाढवणारे’ औषध घेणे तर्कालाही धरून नाही.

१६. आंबट, वांगे, दही, बटाटा बंद करावे का?

या पदार्थांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवात वाढतो असा भरवशाचा पुरावा नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखरच बाधत असेल, तर त्याने तेवढा टाळावा. पण चिंच, आमसूल, दही, डाळी सगळे सोडून आधीच अशक्त झालेल्या बाईला भात-कढीवर ठेवणे वाईट. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ स्निग्धांशांनी सुजेला थोडासा उतार पडतो. शाकाहारी घरात जवसाची चटणी आहेच, जरी तिचा गुण माशाइतका नसला. वजन आटोक्यात ठेवल्याचा लाभ कोणत्याही पथ्यापेक्षा अधिक.

१७. पावसाळ्यात दुखणे वाढते. आणि रोप लावणीचे काम सोडावे लागेल का?

खानापूरच्या पावसात दुखणे वाढल्याचे पुष्कळ जण सांगतात. संशोधनात याविषयी एकमत नाही. हवामानाने आजार होत नाही आणि कोरड्या गावी राहायला गेल्याने तो जातही नाही. ऊब ठेवावी, सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बोटे उघडझाप करावीत.

कामाचे म्हणाल, तर सूज ताब्यात असताना काम आणि व्यायाम दोन्ही हवेत. अंथरुणाला खिळल्याने स्नायू झडतात. भडका असलेल्या दिवसांत त्या सांध्यांना विसावा द्यावा. लावणी, ऊसतोड किंवा मागावरचे काम सोडता येणारे नसते हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करणे, घागर बोटांनी न उचलता दोन्ही हातांनी कवेत घेणे, कपडे पिळण्याचे काम दुसऱ्याकडे देणे, एवढे करावे. घरातील सुनेला हा आजार असेल, तर सकाळचा पहिला तास तिच्याकडून जड काम करून घेऊ नये. दुपारी ती ठीक दिसते म्हणून सकाळी सोंग करते असे म्हणणे अन्यायाचे आहे.

१८. लग्न झाले आहे, मूल हवे आहे. औषधांचे काय?

मूल होऊ शकते. फक्त ते ठरवून व्हावे. मेथोट्रेक्सेटने गर्भपात किंवा गर्भात व्यंग होऊ शकते, म्हणून स्त्रीने ती गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावी आणि तोवर गर्भनिरोधन करावे. लेफ्लुनोमाइड हे याच आजारावरचे दुसरे औषध शरीरात फार काळ राहते. ते घेतलेले असेल, तर ते बाहेर काढण्यासाठी वेगळे औषध लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि, फोलिक ॲसिडसह, सल्फासालाझिन ही औषधे गर्भारपणात चालू ठेवता येतात. अनेकींचा आजार गर्भारपणात शांत होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उसळतो, त्यामुळे माहेरी जाताना पुढची तपासणी आधीच ठरवून जावे. अंगावर पाजताना मेथोट्रेक्सेट चालत नाही. चुकून गोळी चालू असताना दिवस गेले, तर घाबरून स्वतः काही करू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

१९. डॉक्टर महागड्या इंजेक्शनांविषयी बोलतात. ती कधी लागतात?

नेहमीच्या गोळ्या पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही सूज राहिली तर. ही जैविक औषधे सुजेचा निरोप वाहणारी एखादी नेमकी साखळी तोडतात. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्याही त्याच टप्प्यावर येतात. त्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक आहे, कारण शरीरात दडून बसलेला क्षय या औषधांनी जागा होऊ शकतो. घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल, तर ते लपवू नये. हिपॅटायटिसची तपासणीही करतात. लसी शक्यतो आधी घ्याव्यात, आणि ही औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळतात.

२०. खर्च कसा भागवावा? आम्ही कर्नाटकात राहतो. महाराष्ट्राची योजना चालेल का?

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्या तीत बसत नाहीत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटक सरकारने त्यावर हरकत घेतली. तिचाही भर दाखल रुग्णांवर आणि शस्त्रक्रियांवरच आहे, त्यामुळे रुग्णालयात विचारूनच पुढे जावे. दिलाशाची बाब अशी, की मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळ औषधे मुळात स्वस्त आहेत; जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. औषधापेक्षा फेऱ्या आणि तपासण्याच महाग पडतात. सांधे कायमचे निकामी झाले असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. सवलतींसाठी बहुधा ४० टक्के अपंगत्व लागते आणि ते हालचालीच्या मर्यादेवरून मोजले जाते, आजाराच्या नावावरून नव्हे.

२१. सात वर्षांच्या मुलाचा गुडघा सुजला आहे. लहान मुलांना हा आजार होतो का?

सोळा वर्षांखालील मुलांचा संधिवात हा वेगळा गट आहे आणि त्याचे अनेक प्रकार आहेत. “खेळताना पडला असेल” म्हणून सहा आठवडे सूज अंगावर काढू नये. या मुलांच्या डोळ्यांत दुखणे किंवा लाली न दिसताही सूज येऊन दृष्टी जाऊ शकते, म्हणून तक्रार नसली तरी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. मोठ्यांपैकी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असलेल्यांनीही सुरुवातीला एकदा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

२२. कोणत्या वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे?

बाकीचे सांधे शांत असताना एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन असह्य दुखू लागला आणि ताप आला, तर तो भडका नसून सांध्यात पू झालेला असू शकतो; ते काही तासांत पाहण्याचे काम आहे. डोळा दुखून लाल होणे, नवी धाप किंवा कोरडा खोकला टिकणे, काळी शौच होणे, यांतही थांबू नये. मानेचे प्रकरण कमी जणांना माहीत असते. जुन्या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचा जोड सैल होऊ शकतो, आणि मग मानेतून डोक्यात कळा, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, मग ती मोतीबिंदूची का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपला संधिवात किती वर्षांचा आहे हे सांगावे. मान झटका देऊन बसवण्याचा प्रयोग कोणाकडूनही करून घेऊ नये.

२३. सहा महिने काही दुखत नाही. औषध बंद केले तर?

दुखत नाही ते बहुधा औषधामुळेच. पूर्ण शांतता सहा महिने किंवा अधिक टिकली, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून पाहतात. काहींना फार कमी औषधावर राहता येते, अगदी थोड्यांना औषधाशिवाय. स्वतःहून बंद केल्यास भडका उसळतो आणि पूर्वीची मात्रा पुन्हा तितकीच लागू पडेल याची हमी नसते. बंद करण्याचे कारण खर्च, मळमळ किंवा सासरच्यांपासून लपवणे हे असेल, तर ते कारणच डॉक्टरांना सांगावे. पहिल्या दोन्हींवर तरी त्यांच्याकडे उपाय असतो.

२४. कधी बेळगाव, कधी कोल्हापूर असे डॉक्टर बदलावे लागतात. सोबत काय न्यावे?

सूज पहिल्यांदा दिसल्याचा महिना, आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, ते किती महिने घेतले आणि का थांबवले, हे एका वहीत असावे. भाषा कोणतीही चालेल, औषधाचे नाव मात्र पट्टीवरून जसेच्या तसे उतरवावे. हातापायांचे जुने एक्स-रे फेकू नयेत, कारण दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय हाड कुरतडले गेले की नाही हे कळत नाही. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवावा. चार गोळ्या उरलेला बिननावाचा चंदेरी तुकडा काउंटरवर ठेवून “हेच द्या” म्हणणाऱ्याला मी औषध देत नाही, आणि त्याचा राग येऊ देऊ नये.